कुलूपबंद खोलीतला उघडा फ्रिज

मंगळवार, १४ मार्च २०१७. त्या दुपारी एका सरकारी दवाखान्याच्या औषधभांडारातला तीन नंबरचा फ्रिज एक वाजून सतरा मिनिटांनी उघडला गेला आणि एक पंचेचाळीसला बंद झाला, अशी नोंद आहे. त्याच दवाखान्याच्या रखवालदाराच्या वहीत दुसरी नोंद आहे: भांडाराची किल्ली एक वाजता जमा, एक त्रेचाळीसला परत. कुलूप लावलेल्या खोलीत फ्रिज कोणी उघडला, हा प्रश्न कोणालाही पडायला हवा होता. पण पहिली नोंद यंत्राची होती आणि दुसरी शाईची. दवाखान्यातल्या वरिष्ठांनी फारसे डोके न शिणवता यंत्रावर विश्वास ठेवला.

ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या चौथ्या मजल्यावर, मदतकक्षात, ही तक्रार गुरुवारी सकाळी एका बाईच्या वाट्याला आली. वय चौतीस, नोकरीला सहा वर्षे. कक्षात तिला सगळे 'कशावरून' म्हणत. कोणी काही ठामपणे सांगितले की ती मान किंचित कलती करून हा एकच शब्द उच्चारी, आणि समोरच्याची पंचाईत होई. शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमरचे, ज्याला सगळे 'दाढी' म्हणत, म्हणणे असे की हिला कोणी सुप्रभात म्हटले तरी ही आधी खिडकीबाहेर पाहून खात्री करते.

ही खोड तिने आत्याकडून उचलली होती. आईवडील लवकर गेल्यावर आत्यानेच तिला वाढवले. आत्या एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ऐकायचे ते नीट ऐकायचे आणि सांगायचे ते ऐकले तसेच सांगायचे, एवढीच तिची नोकरी होती. घरात 'असं म्हणतात' या शब्दांना प्रवेश नव्हता. कोण म्हणतात, कधी म्हणाले, आणि तू तिथे होतीस का, असे तीन प्रश्न लागोपाठ येत. पुढे भाचीने चार वर्षे एका ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांची सूची केली. मग ग्रंथालयाने ते काम बंद केले आणि ती या कंपनीत आली, तेव्हा आत्याने फक्त एवढेच विचारले की तिथे जुने काही जपून ठेवतात का. त्याचे उत्तर तिला अद्याप द्यायचे होते.

कंपनीचे काम ऐकायला सोपे होते. औषधांच्या फ्रिजमध्ये काडेपेटीएवढे यंत्र बसवायचे. ते दर पाच मिनिटांनी आतले तापमान आणि दाराची स्थिती कळवते. तापमान आठ अंशांवर गेले की धोक्याची सूचना जाते, आणि नियमाप्रमाणे त्या फ्रिजमधली सगळी औषधे टाकून द्यावी लागतात. मदतकक्षाच्या भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर प्रत्येक फ्रिजचा एक ठिपका होता: कळवत असेल तर हिरवा, गप्प झाला तर करडा.

कक्षाचे साहेब या पडद्यावर जीव टाकत. माणूस वाईट नव्हता. वाढदिवस लक्षात ठेवी, आजारपणाची चौकशी करी, कोणावर आवाज चढवत नसे. पण दर सोमवारी त्यांना पडद्याचे छायाचित्र वरच्या मजल्यावर पाठवावे लागे, आणि एकही करडा ठिपका त्यांच्या नजरेला खपत नसे. मागे त्यांना 'हिरवळ साहेब' म्हणत. तक्रारींबाबतही त्यांचे गणित पक्के होते. प्रत्येक तक्रार वीस मिनिटांत बंद करायची. बंद करताना सहा कारणांपैकी एक निवडायचे: वापरकर्त्याची चूक, वीज, नेटवर्क, यंत्र हलवले, माहिती हवी होती, इतर. 'इतर' निवडायला साहेबांची परवानगी लागे, म्हणून ते कोणी निवडत नसे. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली तर कक्षाच्या बेरजेतून एक वजा होई, म्हणून तेच गाऱ्हाणे पुन्हा आले की नवा क्रमांक देण्याची पद्धत पडली होती. ज्या कक्षाची बेरीज महिन्यात सर्वांत मोठी, त्या कक्षाला एक शनिवार सुटी. या व्यवस्थेत जुनी तक्रार अशी काही चीजच उरली नव्हती. रोजची प्रत्येक तक्रार जन्मतः पोरकी असे.

तिने फोन लावला. पलीकडे भांडार सांभाळणाऱ्या बाई होत्या; पन्नाशीचा, दमलेला पण शांत आवाज. त्यांनी क्रमांक ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तेविसाव्या."

"कशावरून?" तिच्या तोंडून सवयीने निघून गेले.

"मी लिहून ठेवलंय ना. बावीस जणांनी मला फ्रिजचं दार नीट लावायला शिकवलं. आता तुम्ही शिकवा."

मग त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. दीड वर्षात तेवीस वेळा त्यांचा फ्रिज दुपारी उघडा राहिल्याची सूचना आली. दर वेळी त्या जेवून परतल्या तर दार बंद, आतला साधा थर्मामीटर चारवर. तरी दर वेळी औषधे फेकावी लागली. आता वरिष्ठांचा असा समज झाला होता की बाई आपला जेवणाचा डबा औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवतात आणि एक वाजता तो काढताना दार अर्धवट टाकून जातात. वेळेतला फरक म्हणजे यंत्राचे घड्याळ पुढे-मागे असेल. पुढच्या शुक्रवारी चौकशी होती. दोष सिद्ध झाला तर सव्वीस वर्षांची नोकरी जाणार होती.

"मी डबा आणतच नाही," बाई म्हणाल्या. "घर समोर आहे. पण ते सांगून कोणाला पटत नाही."

वीस मिनिटे केव्हाच उलटली होती. पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या नावापुढे लाल घड्याळ लुकलुकू लागले. तिने तक्रार बंद केली नाही. बाईंच्या बोलण्याने तिच्या काळजाचे पाणी झाले होते असे नाही. तेवढी भोळी ती नव्हती, आणि फोनवर रडगाणे गाणारे तिने कमी ऐकले नव्हते. तेवीस हा आकडा मात्र तिला स्वस्थ बसू देईना. तेवीस वेळा घडलेल्या गोष्टीला काहीतरी सवय असते, आणि सवय शोधता येते.

संध्याकाळी तिने बंद झालेल्या बावीस तक्रारी आणि आपली उघडी तेविसावी छापून घरी नेल्या आणि जेवणाच्या टेबलावर तारखांप्रमाणे मांडल्या. वाचायला त्यांत काही नव्हते. बाईंचे मूळ शब्द कक्षातल्या लोकांनी कधीच पुसून टाकले होते. प्रत्येक बंद तक्रारीवर 'वापरकर्त्याची चूक' एवढेच होते, एका ठिकाणी तर घाईत 'वापरकर्त्याची चुलत' असे छापलेले. पण तारखा आणि वेळा कोणी पुसल्या नव्हत्या. तेवीसच्या तेवीस सूचना एक दहा ते एक पंचेचाळीसच्या दरम्यान होत्या.

आत्या चष्मा लावून शेजारी बसली होती. तिने कागदांवरून बोट फिरवले.

"एक वाजता काय असतं?"

"जेवणाची सुटी. बाई कुलूप लावून घरी जातात."

"आणि जाताना?"

ते तिने फोनवर विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले. बाई म्हणाल्या, जाताना मी मोठे बटण बंद करते, तसा लेखी हुकूम आहे. त्यावर दिवे, पंखा आणि ते इंटरनेटचे डबडे आहे. फ्रिज वेगळ्या तारेवर आहेत, ते चालूच असतात.

आता कोडे सुटण्याऐवजी आणखी आवळले गेले. डबडे बंद, म्हणजे एक ते पावणेदोन यंत्राचा निरोप कंपनीपर्यंत पोचूच शकत नव्हता. ठिपका रोज पाऊण तास करडा व्हायला हवा होता. तो दीड वर्षात एकदाही झालेला नव्हता. निरोप आलाच नाही, तर नोंद कोणाची होती?

तिने दाढीला विचारले. दाढीने खुर्ची वळवली, हनुवटी खाजवली आणि सांगितले की गप्प यंत्रांना हिरवे ठेवण्यासाठी काहीतरी जुने लिहिलेले आहे. तो आला तेव्हापासून आहे. वर 'हात लावू नये' अशी सूचना आहे, म्हणून त्याने लावलेला नाही.

"वाचायला हात लागत नाहीत," ती म्हणाली.

वाचल्यावर निघाल्या चारच ओळी. कोणतेही यंत्र दहा मिनिटे गप्प राहिले, तर ते पुन्हा बोलू लागेपर्यंत त्याच्या जागी यंत्र क्रमांक एकचे आकडे भरावेत. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी 'ॲडमिन' असे होते, आणि ॲडमिन म्हणजे कोणीही.

"एक नंबर म्हणजे नमुन्याचं यंत्र," दाढी म्हणाला. "गिऱ्हाइकांना दाखवायच्या खोलीत होतं. तो फ्रिज कोणी उघडत नसे. कायम चार अंश. त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही."

"होतं? आता कुठे आहे?"

दोघांनी एकाच वेळी कॉरिडॉरच्या टोकाला पाहिले. एक वाजायला आला होता आणि लोक डबे आणायला चहाच्या खोलीकडे निघाले होते.

हकीकत कक्षातल्या सर्वांना ठाऊक होती. तिचा अर्थ तेवढा कोणाला ठाऊक नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये साहेबांनी दाखवायच्या खोलीची 'विचारमंथन कक्ष' अशी नवी व्यवस्था लावली. नमुन्याचा फ्रिज अडचण करू लागला. लोक कित्येक वर्षे डब्यांसाठी फ्रिज मागत होते. साहेबांनी एका दगडात दोन्ही कामे उरकली आणि तो फ्रिज चहाच्या खोलीत हलवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आतले छोटे यंत्र काढायला कोणी सांगितले नाही, म्हणून कोणी काढले नाही. फ्रिज हलवल्याचे पत्रक ७ सप्टेंबरचे आहे. बाईंची पहिली तक्रार १६ सप्टेंबरची.

ती चहाच्या खोलीत जाऊन उभी राहिली. फ्रिजचे दार उघडत होते, मिटत होते. आतल्या बाजूला, लोणच्याच्या बरणीमागे, काडेपेटीएवढे यंत्र इमानेइतबारे आपले काम करत होते. त्या अर्ध्या तासात ती एकदाही हसली नाही, असे दाढी पुढे सांगत असे. तिला मात्र आठवते की आपण हसू दाबण्यासाठी पाणी पीत होतो. बाईंवर आरोप होता की त्यांनी औषधांच्या फ्रिजमध्ये डबा ठेवला. डबे खरोखरच होते. ते बाईंचे नव्हते, एवढाच फरक.

तरीही हे सगळे जुळणारे होते, सिद्ध झालेले नव्हते, आणि या दोहोंमधले अंतर तिला चांगले माहीत होते. तिने दोन गोष्टी तपासल्या. पहिली, कक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची छायाचित्रे. १४ मार्चला साहेबांचा वाढदिवस होता. केक एवढा मोठा की फ्रिजचे दार मिटेना, आणि कोणीतरी ते दार खुर्चीने दाबून धरल्याचा फोटो टाकला होता. ११ मे २०१६ च्या फोटोत अख्खे कलिंगड होते. बाईंच्या तेवीस तारखांपैकी सहा अशा सापडल्या. दुसरी गोष्ट अधिक पक्की होती. तिने १४ मार्चची यंत्र क्रमांक एकची नोंद आणि बाईंच्या फ्रिजची नोंद शेजारी-शेजारी छापली. एक दहापासून एक पंचेचाळीसपर्यंत आकडे दशांशापुढच्या दुसऱ्या घरापर्यंत एक होते. दोन शहरांतले दोन फ्रिज एकाच वेळी एकाच तालात तापत होते.

सोमवारी ती छापलेल्या नोंदी आणि फोटोंची अकरा पाने घेऊन साहेबांसमोर बसली. त्यांनी अकराची अकरा पाने वाचली, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे.

"छान शोधलंत," ते म्हणाले. "मी मनापासून सांगतो. फ्रिज उद्याच खालच्या बंद खोलीत हलवू. प्रश्न मिटला."

"कशावरून?"

"आता दार कोण उघडणार?"

"पण साहेब, मग जे यंत्र गप्प होईल, त्याचा फ्रिज खरंच बंद पडला तरी इथे चारच अंश दिसतील."

साहेबांनी तिच्या डोक्यावरून भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिले. "दिसतील ना? मग काळजी कसली?"

त्यांना तिचे म्हणणे कळले नव्हते की कळूनही त्यांनी कानावर हात ठेवले, याचा निकाल तिला कधीच लावता आला नाही. तिने चौकशीचा विषय काढला. साहेब म्हणाले की गिऱ्हाइकाच्या घरातल्या भांडणात आपण पडू नये, आणि लेखी तर काहीच देऊ नये. मग त्यांनी तिच्या आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली.

मंगळवारी फ्रिज हलला. लोक डब्यांवरून कुरकुरले आणि गप्प झाले. त्याबरोबरच साहेबांनी नमुन्याच्या यंत्राच्या जुन्या नोंदी 'निरुपयोगी' म्हणून पुसायला लावल्या. त्यात डाव होता असे म्हणायला आधार नाही. दर तिमाहीला अशी साफसफाई होतच असे, आणि तिमाही संपतच आली होती. तिने छापलेली पाने तेवढी उरली.

त्या संध्याकाळी आत्याने गुडघा चोळत सगळे ऐकून घेतले.

"एकतीस वर्षांत," ती म्हणाली, "लाइनीवर कोणी बोललं नाही तर मी 'कोणी बोलत नाही' असं सांगितलं. त्याच्या वतीनं मी कधी बोलले नाही. तेवढं केलं असतं तर एक्स्चेंज चार दिवसांत बुडालं असतं."

बुधवारी सकाळी भाचीने जे केले ते कंपनीच्या नियमात बसणारे होते. फक्त आजवर कोणी केलेले नव्हते. बंद तक्रार पुन्हा उघडून निकाली काढली की गिऱ्हाइकाला आपोआप लेखी उत्तर जाते. तिने बावीसच्या बावीस बंद तक्रारी एकामागून एक उघडल्या आणि आपल्या तेविसाव्या तक्रारीला जोडल्या. पडद्यावरची कक्षाची बेरीज बावीसने घसरली. चार टेबलांवरच्या माना वर झाल्या. महिना संपायला नऊ दिवस उरले असताना सगळ्यांच्या शनिवारच्या सुटीवर तिने पाणी फिरवले होते.

"माझी मेहुणी येणार होती शनिवारी," दाढी म्हणाला. मग वाकून तिच्या पडद्यावर पाहत म्हणाला, "मोघम लिहू नकोस. दोन्ही यंत्रांचे नंबर टाक. आणि पानं जोड."

उत्तराच्या चौकटीत तीनशे अक्षरे मावत. लिहिण्याआधी तिने बाईंना फोन केला, सगळे समजावून सांगितले.

"म्हणजे तुमच्या लोकांचे डबे," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग मॅडम, एवढंच लिहा की माझा फ्रिज बंद होता. एक ओळ. माझं काम होईल."

हाच क्षण तिला सर्वांत जड गेला, आणि पुढे अनेकदा तो तिच्या डोक्यात घोळत राहिला. ती ओळ लिहिणे सोपे होते. ती बहुधा खरीही होती. पण बाईंचे यंत्र त्या पाऊण तासात गप्प होते. गप्प यंत्राच्या वतीने बोलल्यामुळेच हे सगळे रामायण घडले होते. ती हेच बाईंना म्हणाली. बाई म्हणाल्या, तुमची तत्त्वं मोठी, नोकरी माझी.

तिने लिहिले: "१४ मार्चची दु. १.१० ते १.४५ ही नोंद तुमच्या फ्रिजची नाही. ती आमच्या कार्यालयातल्या फ्रिजची (यंत्र क्र. १) आहे. तुमच्या यंत्राचा निरोप तेव्हा आला नाही. फ्रिज उघडला गेला असे म्हणायला आमच्याकडे कोणताही पुरावा नाही. आधीच्या बावीस सूचनाही त्याच वेळेतल्या आहेत. पाने सोबत." कारणाच्या रकान्यात तिने 'इतर' निवडले. परवानगीची चौकट उमटली. तिथे तिने स्वतःचे नाव लिहिले आणि खालचे बटण दाबले. यंत्रणेला नावाशी मतलब होता, कोणाच्या नावाशी नव्हता. उत्तर गेले.

शुक्रवारी दुपारी बाईंचा फोन आला. चौकशीत पाने फिरली. वरिष्ठांनी केकचा फोटो दोनदा मागून पाहिला. रखवालदाराची वहीही या वेळी कोणीतरी उघडली. निकालाचे वाक्य बाईंनी वाचून दाखवले: आरोप सिद्ध झाला नाही. निर्दोष हा शब्द त्यात नव्हता. नोकरी राहिली, पण भांडाराच्या किल्ल्या यापुढे दोघांच्या सहीने द्यायच्या, असे ठरले.

"तुम्ही ती ओळ लिहिली असती तर दुसरी सही लागली नसती," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण आभारही नव्हते. मग म्हणाल्या, "आता मी जाताना ते मोठं बटण बंद करत नाही. हुकूम असला तरी. यंत्राला बोलू दे."

कंपनीत तिला कोणी काढले नाही. वर्षअखेरीच्या शेऱ्यात साहेबांनी 'संघभावना वाढवण्यास वाव' असे लिहिले आणि तिची बदली मदतकक्षातून माहितीपत्रके तपासण्याच्या कामावर झाली, जिथे तिची खोड फारशी कोणाला बोचत नव्हती. त्या चार ओळी दाढीने एप्रिलमध्ये काढून टाकल्या. त्या सकाळी पडद्यावर एकशे बारा ठिपके करडे झाले. दुपारपर्यंत साहेबांनी त्या परत घालायला लावल्या. जूनमध्ये साहेब दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर गेले आणि नव्या साहेबांनी आल्याआल्या पडद्याचा रंग निळा केला. तेव्हा त्या ओळी राहिल्या की गेल्या, याची नोंद नाही.

जे कळलेले नाही ते एवढे. त्या ओळी कोणी लिहिल्या, आणि कोणाच्या सांगण्यावरून. एकशे बारा ठिकाणी एकूण किती दिवसांच्या नोंदी दुसऱ्याच फ्रिजच्या आहेत; यंत्र क्रमांक एकची जुनी नोंद पुसली गेल्यामुळे आता त्या वेगळ्या काढता येत नाहीत. किती चांगली औषधे विनाकारण फेकली गेली, हेही मोजता येत नाही. आणि नमुन्याचा फ्रिज बंद खोलीत असतानाच्या काळात कुठे एखादा फ्रिज खरोखर बंद पडला होता का, त्याच्या नावापुढे चार अंश लिहिले गेले का, आणि त्यातली औषधे कोणाला दिली गेली, हे तिने तीनदा लेखी विचारले आहे. तिन्ही वेळा तिच्या तक्रारीला नवा क्रमांक मिळाला. उत्तर आलेले नाही.